अमेरिकेची अलिप्तता, १९१४ ते १९४१ : जनमत की दोन तृतीयांशाचं गणित?

खलिता

या विषयावर मराठीत जे वाचायला मिळतं त्याचा साचा ठरलेला आहे. परक्या देशांशी युती नको असं वॉशिंग्टन सांगून गेले, जेफरसन सांगून गेले, मध्ये अटलांटिक होताच. अध्यक्ष विल्सननी राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) काढला, सिनेटनं तो धुडकावला, देश वीस वर्षं दार लावून बसला आणि पर्ल हार्बरला जाग आली. पण मग दार लावून बसलेल्या देशाचे मरीन सैनिक १९१५ ते १९३४ हैतीत काय करत होते? निकाराग्वात, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये काय करत होते? जर्मनीच्या नुकसानभरपाईचे हप्ते ठरवणाऱ्या दोन्ही योजनांना, डॉझ आणि यंग, अमेरिकी माणसांचीच नावं कशी?

माझं म्हणणं असं, की अमेरिकेला जग नको होतं असं नाही, तिला आधी दिलेला शब्द नको होता. उद्या तुमच्यावर हल्ला झाला तर आम्ही येऊ, हे आज लिहून द्यायची तयारी नव्हती. व्यापार चालेल, कर्ज चालेल, कॅरिबियनमध्ये फौज चालेल, आरमारं कापायची परिषदही चालेल. हमीपत्र मात्र नाही. आणि हमीपत्र अडवायची सोय राज्यघटनेतच होती: आंतरराष्ट्रीय करार मंजूर व्हायला सिनेटमध्ये हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात.

१९१९ चं उदाहरण नीट सोडवून बघू. विल्सननी १० जुलैला व्हर्सायचा तह सिनेटपुढे ठेवला, राष्ट्रसंघाची सनद त्या तहातच होती. एकूण ९६ सदस्य, रिपब्लिकन ४९, डेमोक्रॅट ४७. फरक दोनाचा, पण समित्या बहुमतवाल्यांच्या हातात. परराष्ट्र समितीत १७ पैकी १० रिपब्लिकन, अध्यक्ष हेन्री कॅबट लॉज. त्या दहांत सहा जण असे, की ज्यांना राष्ट्रसंघ कोणत्याही रूपात नको होता: बोरा, हायरम जॉन्सन, ब्रँडेगी, फॉल, नॉक्स, मोझेस. लॉजनी काय केलं, तर तह मोठ्यानं वाचायला घेतला. अडीचशेहून जास्त पानं, शब्दन् शब्द, दोन आठवडे. ऐकायला बहुतेक वेळ समितीचे सदस्यसुद्धा नसायचे. मग सहा आठवडे सुनावण्या. उन्हाळा गेला, आणि वर्षाच्या सुरुवातीला राष्ट्रसंघाबद्दल जो उत्साह होता तोही गेला.

आता मतदानाची खोच. तहाला शर्त चिकटवायला साधं बहुमत पुरतं, तह मंजूर करायला दोन तृतीयांश. म्हणजे पूर्ण सभागृहात अडथळा घालणाऱ्याला ४९ मतं बस्स, पार करणाऱ्याला ६४ हवीत. लॉजनी चौदा शर्ती लावून घेतल्या. १९ नोव्हेंबर १९१९ ला शर्तींसह तह ३९–५५ नं पडला, त्याच दिवशी विनाशर्त तह ३८–५३ नं पडला. १९ मार्च १९२० ला पुन्हा शर्तींसह: ४९–३५. बहुमत मिळालं, पण ८४ मतांत ५६ हवी होती, सात कमी पडली. त्या ३५ विरोधी मतांत २३ डेमोक्रॅट होते, विल्सनच्याच पक्षाचे, त्यांच्याच सांगण्यावरून.

थोडक्यात, कोणत्या ना कोणत्या रूपात राष्ट्रसंघ हवा असणारे सिनेटर तीन चतुर्थांशाहून जास्त होते आणि तरी तह पडला. याला ‘देश अलिप्ततावादी झाला’ म्हणायचं का?

चावडीवाचन

धागा आवडला. विल्सनच्या बाजूनं काय काय चुकलं ते इथे यायला हवं, नाहीतर लॉज एकटेच खलनायक ठरतात.

पहिली चूक ऑक्टोबर १९१८ मधली. युद्ध संपत आलेलं, रिपब्लिकन पक्षानंही युद्धाला पाठिंबा दिलेला, आणि विल्सन जाहीर आवाहन करतात की काँग्रेसमध्ये डेमोक्रॅटच निवडून द्या. नोव्हेंबरात दोन्ही सभागृहं गेली. मग पॅरिसला जाताना शिष्टमंडळात एकही सिनेटर घेतला नाही. पाच जणांत रिपब्लिकन एकटे हेन्री व्हाइट, तेही मुरलेले मुत्सद्दी, पक्षात वजन नाही. ४ मार्च १९१९ ला लॉजनी ३७ सिनेटरांच्या सह्यांचं पत्रक वाचून दाखवलं की सध्याच्या रूपात राष्ट्रसंघ मान्य नाही. तह अडवायला ३३ पुरतात. म्हणजे तहावर सह्या व्हायच्या चार महिने आधी पाटी लागली होती, ‘असाच आणाल तर पडेल.’

खरा वाद राष्ट्रसंघाच्या सनदेतल्या कलम १० चा. सगळ्या सदस्यांची प्रादेशिक अखंडता आणि राजकीय स्वातंत्र्य बाहेरच्या आक्रमणापासून राखायचं, असं ते कलम. लॉज यांची दुसरी शर्त म्हणायची, की काँग्रेसनं त्या त्या वेळी ठराव केल्याशिवाय अमेरिकेवर असं कोणतंही बंधन नाही. युद्ध पुकारायचा अधिकार घटनेनं काँग्रेसलाच दिलेला, तेव्हा ही शर्त घटनेत होतं तेच सांगत होती असंही म्हणता येईल. विल्सन म्हणत, बंधन नैतिक आहे आणि म्हणूनच कायदेशीर बंधनापेक्षा मोठं आहे. ते काढलंत तर तहाचं काळीजच काढलंत. सप्टेंबरात ते रेल्वेनं देशभर भाषणं देत फिरले, २५ तारखेला कोलोरॅडोतल्या प्वेब्लोनंतर कोसळले, २ ऑक्टोबरला पक्षाघात झाला. त्यानंतर तडजोड करायला मध्ये कोणी उरलंच नाही. १८ नोव्हेंबरला सिनेटमधले डेमोक्रॅटांचे नेते हिचकॉक यांना विल्सनचं पत्र गेलं: शर्तींसह तह म्हणजे तह रद्द करणं, विरोधात मत द्या.

नोव्हेंबरच्या मसुद्यात आणखी एक पाचर होती. ब्रिटन, फ्रान्स, इटली, जपान या चारांपैकी तिघांनी या शर्ती लेखी मान्य करायला हव्यात अशी अट. मार्चमध्ये ती सैल केली, पण पंधरावी शर्त घुसली: आयर्लंडच्या स्वयंनिर्णयाला पाठिंबा! ब्रिटननं हे गिळावं अशी अपेक्षा.

तळघर

खलिता, गणित पटलं, पण तुम्ही माणसांना फारच बाजूला सारताय. सिनेटर मतं देतात ती मतदारसंघाकडे बघून.

१९१० ची जनगणना बघा. ९ कोटी २० लाखांच्या देशात सुमारे ३ कोटी २० लाख लोक एकतर परदेशात जन्मलेले किंवा आई-वडलांपैकी निदान एक परदेशात जन्मलेला. ऑगस्ट १९१४ मध्ये विल्सननी ‘विचारातही निःपक्ष राहा’ असं सांगितलं ते याच काळजीनं. युद्धात कोणतीही बाजू घेतली तर घरातच दोन तट पडणार. तहानंतर तेच झालं. जर्मन वंशाचे लोक जर्मनीवर लादलेल्या अटींमुळे चिडले, आयरिश लोक इंग्लंडला मोकळं सोडलं म्हणून, इटालियन लोक इटलीला फ्युमे बंदर दिलं नाही म्हणून. शांतुंग प्रांतातले जर्मन हक्क चीनला न देता जपानला दिले, यावर तर सगळ्याच विरोधकांनी रान उठवलं. यातला एकही गट ‘जगाशी संबंध नको’ म्हणत नव्हता. प्रत्येकाला आपापल्या देशासाठी जास्त हवं होतं. गंमत म्हणजे या सगळ्यांची बेरीज अलिप्ततेत झाली.

मग १९२१ चा तातडीचा कोटा (१९१० च्या जनगणनेच्या ३ टक्के), १९२४ चा कायदा (२ टक्के, आणि तेही मुद्दाम मागे जाऊन १८९० च्या जनगणनेवर, कारण दक्षिण आणि पूर्व युरोपातून लोंढे त्यानंतर आले). हिंदुस्थानाला तर १९१७ च्याच कायद्यानं प्रतिबंधित आशियाई पट्ट्यात टाकलं होतं. स्थलांतर आणि परराष्ट्र धोरण वेगळे विषय म्हणून शिकवतात, पण मतदार तेच होते.

अवांतर, पण इथल्या वाचकांसाठी महत्त्वाचं. राष्ट्रसंघात ब्रिटनची सहा मतं यावर सिनेटमध्ये प्रचंड आरडाओरडा झाला. ती सहा म्हणजे ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि सहावं हिंदुस्थानचं! व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानतर्फे सह्या केल्या ब्रिटनचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंग यांनी. आपल्या राष्ट्रीय काँग्रेसच्या दिल्ली अधिवेशनानं टिळकांना शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी निवडलं होतं. त्यांना जाऊ दिलं नाही. लंडनहून मार्च १९१९ मध्ये त्यांनी फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना निवेदन पाठवलं. लाला लजपतराय तेव्हा न्यूयॉर्कमध्ये इंडिया होमरूल लीग चालवत होते, सोबत डॉ. ना. सु. हर्डीकर. ‘हिंदुस्थानचं मत म्हणजे लंडनच्या खिशातलं मत’ हे म्हणणं अमेरिकी विरोधकांचं आणि आपल्या राष्ट्रीय पुढाऱ्यांचं एकच होतं, कारणं अगदी वेगळी.

निळी शाई

फ्रान्सला वेगळी हमी दिली होती ना विल्सननी? तिचं काय झालं?

खलिता

@निळी शाई, हो, २८ जून १९१९, व्हर्सायच्याच दिवशी. जर्मनीनं विनाकारण हल्ला केला तर अमेरिका मदतीला येईल असा करार. ऱ्हाईनचा डावा तीर जर्मनीपासून तोडायचा हट्ट क्लेमांसोंनी सोडला तो या कागदाच्या बदल्यात. ब्रिटननंही तशीच हमी दिली, पण त्यात मेख होती: अमेरिकेची हमी मंजूर झाली तरच आमची लागू. सिनेटनं तो करार मतदानाला घेतलाच नाही, तसाच पडून राहिला. त्याबरोबर ब्रिटनची हमीही आपोआप गेली. १९२३ मध्ये फ्रान्स जर्मनीच्या रूहर खोऱ्यामध्ये सैन्य घुसवून बसला त्यामागे इतर कारणांबरोबर हेही आहे.

@तळघर, सहा मतांचा मुद्दा फार छान. लॉज यांची चौदावी शर्त त्यावरच आहे.

दर्यावर्दी

आरमाराकडे कोणी वळत नाहीये म्हणून मी वळतो, कारण खलितांच्या मुद्द्याला इतका चांगला पुरावा दुसरा नाही.

वॉशिंग्टन परिषद, १२ नोव्हेंबर १९२१ ते ६ फेब्रुवारी १९२२. परराष्ट्रमंत्री ह्यूज यांनी स्वागतपर भाषणाच्या जागी थेट जहाजांची नावं वाचायला सुरुवात केली, कोणती मोडायची त्यांची. शेवटी ठरलं ते ५:५:३:१.६७:१.६७. टनांत सांगायचं तर मोठ्या युद्धनौकांसाठी अमेरिका आणि ब्रिटन प्रत्येकी ५,२५,०००, जपान ३,१५,०००, फ्रान्स आणि इटली प्रत्येकी १,७५,०००. एका नौकेला कमाल ३५,००० टन आणि १६ इंची तोफा. नवीन बांधणी दहा वर्षं बंद. जगातल्या सगळ्यात मोठ्या शस्त्रकपातीचं यजमानपद ‘अलिप्त’ देशाकडे!

जपान तीनावर राजी का झाला? कारण कलम १९. अमेरिकेनं फिलिपिन्स आणि ग्वाममध्ये, ब्रिटननं हाँगकाँगमध्ये नवीन तटबंदी करायची नाही. ज्याच्याकडे जवळ तळ आहे त्याची तीन जहाजं, हजारो मैल दूर तळ असलेल्याच्या पाचांना भारी पडू शकतात. डिसेंबर १९४१ मध्ये फिलिपिन्सची काय अवस्था होती ते आठवा.

आता सिनेट. याच परिषदेतला चार सत्तांचा करार (अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स) फक्त इतकंच म्हणतो की पॅसिफिकमध्ये वाद झाला तर बसून बोलू. तरी सिनेटनं वर शर्त लावली: यात सैन्य वापरायचं बंधन नाही, युती नाही, कोणाच्या संरक्षणात सामील व्हायची जबाबदारी नाही. मग ६७–२७ नं पास, गरजेपेक्षा चारच मतं जास्त. आणि हेही लक्षात घ्या: विल्सननंतरचे अध्यक्ष हार्डिंग यांनी शिष्टमंडळात लॉज यांना घेतलं आणि डेमोक्रॅटांचे नेते अंडरवुड यांनाही. विल्सनची चूक त्यांनी बरोबर टिपली होती.

केलॉग-ब्रिआँ करार तर ८५–१ नं गेला, जानेवारी १९२९. युद्ध बेकायदा! अंमलबजावणीची तरतूद शून्य, म्हणूनच ८५.

हुंडणावळ

पैशाशिवाय हा विषय अर्धाच. थोडं सविस्तर लिहितो.

ऑगस्ट १९१४ मध्ये परराष्ट्रमंत्री ब्रायन यांची भूमिका: लढणाऱ्या देशांना कर्ज देणं तटस्थतेच्या भावनेशी विसंगत. ऑक्टोबरातच पळवाट निघाली, कर्ज नाही पण व्यापारासाठी ‘उधारी’ चालेल. १९१५ च्या जूनमध्ये ब्रायननी राजीनामा दिला आणि ऑक्टोबरात मॉर्गन पेढीनं इंग्लंड-फ्रान्ससाठी ५० कोटी डॉलरचे रोखे बाजारात आणले. दोस्त राष्ट्रांशी व्यापार १९१४ च्या सुमारे ८२.५ कोटी डॉलरवरून १९१६ मध्ये सुमारे ३.२ अब्जांवर गेला. ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीशी जवळजवळ बंद पडला. कागदावर तटस्थ, हिशेबाच्या वहीत नाही.

तरी ‘कर्ज बुडू नये म्हणून युद्धात उतरले’ हे सोपं उत्तर टिकत नाही. २८ नोव्हेंबर १९१६ ला फेडरल रिझर्व्ह बोर्डानं अमेरिकी बँकांना जाहीर इशारा दिला की परकी सरकारांच्या अल्पमुदतीच्या विनातारण हुंड्यांत पैसे अडकवू नका. रोख ब्रिटनकडे होता. म्हणजे युद्धाच्या चार-पाच महिने आधी वॉशिंग्टन लंडनच्या गळ्याभोवतीचा दोर आवळत होतं. सरकार सावकाराच्या तालावर नाचत असतं तर हा इशारा आला नसता. युद्धात ओढलं ते १ फेब्रुवारी १९१७ पासूनच्या बेबंद पाणबुडी मोहिमेनं, आणि मेक्सिकोला टेक्सास-न्यू मेक्सिको-ॲरिझोना परत मिळवून देण्याचं आमिष दाखवणाऱ्या झिमरमन तारेनं.

खरा घोळ युद्धानंतरचा. दोस्त सरकारांवर अमेरिकी सरकारचं सुमारे १० अब्ज डॉलर कर्ज. ते फेडायला डॉलर हवेत. डॉलर मिळवायला अमेरिकेत माल विकायला हवा. आणि अमेरिकेनं १९२२ मध्ये फोर्डनी-मॅकंबर जकात चढवली, १९३० मध्ये स्मूट-हॉली. एका हातानं वसुली, दुसऱ्या हातानं दुकानाचं दार बंद. मग चक्र कसं फिरलं? अमेरिकी बँका जर्मनीला खासगी कर्ज देत, जर्मनी फ्रान्स-ब्रिटनला भरपाई देई, ते अमेरिकी खजिन्यात हप्ता भरत. १९२८ पासून पैसा जर्मनीकडे जायच्या ऐवजी वॉल स्ट्रीटच्या तेजीत वळला आणि चक्राचं वंगणच संपलं. अध्यक्ष हूवरनी जून १९३१ मध्ये वर्षभर हप्ते थांबवले. डिसेंबर १९३२ मध्ये फ्रान्सनं हप्ता चुकवला, ब्रिटननं साडेनऊ कोटींवर डॉलर सोन्यात भरले. तो त्यांचा शेवटचा पूर्ण हप्ता. एप्रिल १९३४ चा जॉन्सन कायदा त्यातूनच आला: ज्यानं आमचं बुडवलं त्याला नवीन कर्ज नाही. हे जॉन्सन म्हणजे १९१९ चे तेच हायरम जॉन्सन. १९४० मध्ये ब्रिटनचे डॉलर संपत आले तेव्हा त्याला साधं कर्ज देता येत नव्हतं ते या कायद्यामुळेही.

आणि डॉझ-यंग यांच्याबद्दल: दोघंही ‘खासगी नागरिक’ म्हणून गेले. सरकार सामील नाही, असं म्हणायची सोय.

तळघर

@खलिता, तुमच्या सिद्धांताला खरा धक्का १९३५ चा आहे. लढणाऱ्या देशांना शस्त्रं विकायला बंदी घालणारे तटस्थता कायदे साध्या बहुमतानं झाले. तिथे दोन तृतीयांशाचं गणित कुठेच नव्हतं. मग ते का झाले? लोकांना हवे होते म्हणून.

खलिता

मान्य. १९१९ आणि १९३५ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच नावाखाली कोंबल्यामुळे गोंधळ होतो. १९१९ मध्ये ‘शब्द देणार नाही’. १९३५ मध्ये त्यापुढे जाऊन ‘अध्यक्षाचे हात बांधणार’. दुसरं मंदीतून आणि १९१७ च्या पश्चात्तापातून आलं.

पश्चात्तापाला कागदपत्रं पुरवली शस्त्रउद्योगाची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या नाय समितीनं. अध्यक्ष नॉर्थ डकोटाचे सिनेटर जेराल्ड नाय, एप्रिल १९३४ ते फेब्रुवारी १९३६, ९३ सुनावण्या, दोनशेवर साक्षीदार. लाच, संगनमत, शस्त्रकंपन्यांनी आपसात वाटून घेतलेल्या बाजारपेठा, हे सगळं भरभक्कम सापडलं. जे सापडलं नाही ते म्हणजे या कंपन्यांनी देशाला युद्धात ढकललं याचा पुरावा. पण वर्तमानपत्रांनी लोकांपर्यंत पोचवलं ते हेच न सापडलेलं. नायनी विल्सनवर गुप्त तहांबाबत खोटं बोलल्याचा आरोप केला तेव्हा डेमोक्रॅट उसळले आणि समितीचा पैसा बंद झाला.

कायद्याची रचना बघण्यासारखी आहे. १) अध्यक्षांनी ‘युद्धस्थिती आहे’ असा निष्कर्ष जाहीर करायचा. २) तसं झालं की दोन्ही बाजूंना शस्त्रबंदी आपोआप लागू, आक्रमक कोण हे बघायचं नाही. अध्यक्ष रूझवेल्टना फक्त आक्रमकावर बंदी घालायचा अधिकार हवा होता, तो काँग्रेसनं दिला नाही. ३) शस्त्र बनवणाऱ्यांनी परराष्ट्र खात्याकडे नोंदणी करायची. ४) लढणाऱ्या देशाच्या जहाजातून प्रवास केलात तर स्वतःच्या जबाबदारीवर. हे शेवटचं सरळ जर्मन पाणबुडीनं बुडवलेल्या ‘ल्युसिटानिया’ या ब्रिटिश प्रवासी जहाजावरून, ७ मे १९१५, १,१९८ मृत, त्यात १२८ अमेरिकी. १९३६ मध्ये कर्जबंदी जोडली: मॉर्गनसाठी. १ मे १९३७ ला असा प्रवासच बंद केला. प्रत्येक कलम १९१४–१७ मधल्या एकेका घटनेला लावलेलं ठिगळ आहे. पुढचं युद्ध मागच्यासारखंच येईल असं गृहीत धरून शिवलेलं.

लगेच भोकं पडली. इटलीचा इथिओपियावर हल्ला, ऑक्टोबर १९३५: शस्त्रबंदी लागली, पण तेल म्हणजे शस्त्र नाही. इटलीला तेल जातच राहिलं, उलट वाढलं. चीन-जपान १९३७: दोघांनीही रीतसर युद्ध पुकारलं नव्हतं, त्यामुळे रूझवेल्टनी पायरी क्र. १ केलीच नाही. कारण बंदीचा फटका जपानपेक्षा चीनला बसला असता.

दर्यावर्दी

भोकांची यादी मी पुढे नेतो.

स्पेनमधलं यादवी युद्ध. १९३५ चा कायदा देशादेशांतल्या युद्धाला, यादवीला नाही. म्हणून जानेवारी १९३७ मध्ये खास ठराव आणला, सिनेटमध्ये ८१–०, प्रतिनिधिगृहात ४०६–१. ६ तारखेला मतदान झालं, पण सह्यांचे सोपस्कार राहिले आणि अंमल ८ तारखेला. मधल्या फटीत ‘मार कांताब्रिको’ हे स्पॅनिश जहाज विमानांचे भाग भरून न्यूयॉर्कहून निघालं. सगळा माल चढवायलाही थांबलं नाही. मार्चमध्ये बिस्केच्या उपसागरात बंडखोर जनरल फ्रँकोच्या ‘कनारियास’ क्रूझरनं ते पकडलं, म्हणजे प्रजासत्ताकासाठीचा माल फ्रँकोला मिळाला.

४ नोव्हेंबर १९३९ चा कायदा: शस्त्रबंदी उठली, आता रोख पैसे टाका आणि आपल्या वाहनानं न्या. मालाची मालकी अमेरिकेचा किनारा सोडण्यापूर्वी हस्तांतरित व्हायला हवी. शिवाय ब्रिटनभोवतीचा समुद्र युद्धक्षेत्र जाहीर झाला, अमेरिकी जहाजांना तिथे बंदी. मग मालकांनी काय केलं? जहाजं पनामाच्या झेंड्याखाली नोंदवली. जहाज तेच, धंदा तोच.

सगळ्यात अजब प्रकार विमानांचा. कॅनडा युद्धात होता, त्यामुळे अमेरिकी वैमानिकानं लढाऊ विमान उडवत तिकडे नेणं कायद्यात बसेना. कॅलिफोर्नियात बनलेली हडसन बाँबर विमानं नॉर्थ डकोटातल्या पेंबिना या गावी, सीमेला अगदी खेटून, उतरवायची. इंजिन बंद. पुढच्या चाकांना दोर. पलीकडून घोडे किंवा ट्रॅक्टर लावून विमान सीमारेषेवरून ओढून घ्यायचं. पलीकडे गेलं की कॅनडाचा वैमानिक चढणार. १९४० ची सुरुवात, जगातली त्या काळची अत्याधुनिक यंत्रं, आणि ती सीमापार नेणारे घोडे! नाय यांचंच राज्य, योगायोगानं.

पाणपोई

वाचतेय, उत्तम चर्चा. एक शंका: हे अलिप्ततावादी म्हणजे छुपे नाझी समर्थक होते असं सर्रास लिहिलं जातं. कितपत खरं?

चावडीवाचन

@पाणपोई, काही होते, बरेच नव्हते. युद्धात उतरायला विरोध करणारी अमेरिका फर्स्ट समिती ४ सप्टेंबर १९४० ला स्थापन झाली, सुरुवात येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून, अध्यक्ष सीअर्स कंपनीचे रॉबर्ट वुड, मुख्यालय शिकागो. सदस्य सुमारे ८ लाख. तिच्या व्यासपीठावर समाजवादी नॉर्मन थॉमसही बोलत. प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्गनी ११ सप्टेंबर १९४१ ला डी मॉइनमध्ये ब्रिटिश, रूझवेल्ट सरकार आणि ज्यू या तिघांवर देशाला युद्धात लोटल्याचा ठपका ठेवला, तेव्हा समितीचं कंबरडं मोडलं, आणि ते योग्यच झालं.

पण बोरा, नॉरिस, ला फॉलेट ही मंडळी वेगळ्या मुशीतली. शेतकऱ्यांच्या बाजूची, बँकांच्या विरोधातली. बोरा सोव्हिएत रशियाला मान्यता द्या म्हणत होते आणि निकाराग्वातून सैनिक काढा असंही. त्यांना युद्धाची भीती होती ती घरासाठी. १९१७ मध्ये घरात जे झालं, सेन्सॉरशिप, धरपकड, सुधारणांचा गाडा ठप्प, ते त्यांनी बघितलं होतं.

जनमत किती टोकाला गेलं होतं ते प्रतिनिधिगृहाचे सदस्य लडलो यांनी सुचवलेल्या घटनादुरुस्तीत दिसतं. देशावर हल्ला झाला नसेल तर युद्ध पुकारण्याआधी सार्वमत घ्यायचं! १२ डिसेंबर १९३७ ला जपाननं यांगत्सेवर अमेरिकी ‘पॅनाय’ गनबोट बुडवली आणि त्याच आठवड्यात ती सभागृहात चर्चेला आणायच्या लडलोंच्या अर्जावर हव्या असलेल्या २१८ सह्या पुऱ्या झाल्या. जहाज बुडालं म्हणून संताप नाही, उलट घाई की आता आपण युद्धात जाऊ, थांबवा. १० जानेवारी १९३८ ला प्रस्ताव चर्चेला घेण्याची सूचना १८८–२०९ नं पडली.

हुंडणावळ

आणि ऑगस्ट १९४१ मध्ये सक्तीच्या सैनिकांची मुदत वाढवायचं विधेयक २०३–२०२. एका मतानं फौज शाबूत राहिली.

खलिता

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे परत. रूझवेल्टनी जनमत हळूहळू वळवलं हे खरं, पण जनमत वळेपर्यंत ते थांबले नाहीत, त्यांनी वाट बदलली. २९ जानेवारी १९३५ ला जागतिक न्यायालयात सामील व्हायचा करार सिनेटपुढे नेला होता: ५२–३६, पुन्हा सातच मतं कमी. आदल्या दिवसांत रेडिओवरचे फादर कॉफलिन आणि हर्स्टची वर्तमानपत्रं यांनी सिनेटरांवर तारांचा पाऊस पाडला होता. त्यानंतर १९४१ पर्यंत युरोपला मदत करणारं एकही मोठं पाऊल त्यांनी कराराच्या रूपात सिनेटपुढे आणलं नाही.

२ सप्टेंबर १९४० ला ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला, बदल्यात तळांचे ९९ वर्षांचे पट्टे. हा कार्यकारी करार, ॲटर्नी जनरल जॅक्सन यांच्या अभिप्रायावर, मतदानच नाही. लेंड-लीज, म्हणजे युद्धसाहित्य उसनं द्यायची योजना, ११ मार्च १९४१, साधा कायदा: प्रतिनिधिगृहात २६०–१६५, सिनेटमध्ये ६०–३१. ही ९१ मतांत ६० म्हणजे दोन तृतीयांशाला एक कमी! करार म्हणून आणला असता तर पडला असता. कर्ज नाही, ‘उसनं’ दिलं, म्हणून जॉन्सन कायदाही आडवा आला नाही.

तळघर

हा ६०–३१ चा मुद्दा जबरदस्त आहे. पण त्यातलं एक मत इकडचं तिकडे झालं असतं हेही धरा. करार असता तर एखाद-दोघांना फोन गेले असते.

दर्यावर्दी

नोव्हेंबर १९४१ विसरू नका. ३१ ऑक्टोबरला जर्मन पाणबुडीनं ‘रूबेन जेम्स’ ही अमेरिकी विनाशिका बुडवली, सुमारे शंभर खलाशी गेले. त्यानंतर दोन आठवड्यांत व्यापारी जहाजांवर तोफा बसवायला आणि युद्धक्षेत्रात जायला परवानगी देणारी दुरुस्ती आली: सिनेट ५०–३७, प्रतिनिधिगृह २१२–१९४. पर्ल हार्बरच्या तीन-साडेतीन आठवडे आधी, स्वतःची युद्धनौका बुडाल्यावरही, फक्त १८ मतांचा फरक.

निळी शाई

मग १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद ८९–२ नं कशी काय पास झाली? पंचवीस वर्षांत तेच सिनेट इतकं बदललं?

खलिता

बदललं, पण मसुदाही बदलला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या शिष्टमंडळात कॉनली आणि व्हँडेनबर्ग हे दोन्ही पक्षांचे सिनेटर होते. नोव्हेंबर १९४३ मध्येच सिनेटनं ८५–५ नं आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बाजूनं ठराव केला होता. आणि सुरक्षा समितीत नकाराधिकार होता, म्हणजे अमेरिकेला न विचारता अमेरिकी सैनिक कुठेही जाऊ शकत नव्हता. कलम १० सारखी सरसकट हमी सनदेत नाहीच.

नाटो तर त्याहून बोलका. कलम ५: एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला, आणि मग प्रत्येक सदस्य ‘त्याला आवश्यक वाटेल ती’ कारवाई करेल. कलम ११: तरतुदी आपापल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार अमलात येतील. २१ जुलै १९४९, सिनेट ८२–१३. लॉज यांची १९१९ ची दुसरी शर्त काढून शेजारी ठेवा आणि वाचा. यावेळी ती तहाच्या पोटातच लिहिली होती, बाहेरून चिकटवावी लागली नाही.

चावडीवाचन

त्या ८२ मध्ये एक नाव हेन्री कॅबट लॉज, ज्युनियर. मॅसॅच्युसेट्सचेच सिनेटर, आपल्या लॉज यांचे नातू.